फोटो काढला, पण विचारलं काय?

टेन्शन न्यूमोथोरॅक्सचा एक्स-रे हा कधीच काढायला नको होता असा एक्स-रे असतो, हे तातडीच्या वैद्यकशास्त्रातलं जुनं वाक्य आहे. फुप्फुसाला भोक पडतं, हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि तिला परतीची वाट सापडत नाही. प्रत्येक श्वासागणिक ती साठत जाते. फुप्फुस आक्रसतं, हृदय आणि श्वासनलिका दुसऱ्या बाजूला रेटली जातात, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि रक्तदाब कोसळतो. फिल्मवर हे चित्र इतकं ठसठशीत उमटतं की पुस्तकवाले ते हौसेनं छापतात. पण फिल्म निघेपर्यंतची दहा मिनिटं रोग्याकडे असतीलच असं नाही. मानेच्या फुगलेल्या शिरा, एका बाजूला बंद पडलेला श्वासाचा आवाज, त्याच बाजूला बोटानं ठोकल्यावर येणारा पोकळ नाद, हे कळायला डॉक्टरचे कान आणि बोटं पुरतात. उपचार म्हणजे बरगड्यांमधून घातलेली एक जाड सुई. ती मोठ्या माणसात कॉलरबोनखाली न घालता छातीच्या कडेला, चौथ्या-पाचव्या फटीत घालावी, असं अपघातग्रस्तांवरच्या उपचारांच्या एटीएलएस अभ्यासक्रमानं २०१८ च्या आवृत्तीत सांगितलं. रोगी थोडा तग धरून असेल आणि शंका असेल, तर खाटेपाशीच सोनोग्राफीचा प्रोब टेकवून खात्री करता येते. एक्स-रेचा नंबर त्यानंतरचा.

मला हे वाक्य एका आजारापुरतं वाटत नाही. कॅज्युअल्टीत छातीचा एक्स-रे हे एका प्रश्नाचं उत्तर असतं, आणि प्रश्न आधी रोग्यापाशी उभं राहूनच तयार करावा लागतो. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. माणूस धापा टाकत आला की आधी फोटो, मग तपासणी, मग जमलं तर चौकशी. यात डॉक्टर आहेत, रुग्णालयं आहेत, आणि 'अजून फोटोसुद्धा काढला नाही' म्हणून आवाज चढवणारे नातेवाईकही आहेत.

क्रम उलटला तर काय बिघडतं, हे कळायला या यंत्राला मुळात काय दिसतं ते पाहावं लागेल. एक्स-रे शोधणाऱ्या रॉन्टगेननं डिसेंबर १८९५ मध्ये आपल्या पत्नीच्या हाताची जी प्रतिमा घेतली, तिच्यात हाडं आणि अंगठी स्पष्ट आहेत, मांस जेमतेम. एवढ्या वर्षांत यंत्रं डिजिटल झाली, पण किरणांचा स्वभाव तोच राहिला. साध्या एक्स-रेला हवा, चरबी, पाणी, हाड आणि धातू एवढाच फरक कळतो. 'पाणी' या एका खात्यात रक्त, पू, सूज, स्नायू, हृदय, गाठ, सगळं जमा होतं. न्यूमोनियाचा पू, हृदय थकल्यानं झिरपलेलं पाणी आणि मार लागल्यानं फुप्फुसात उतरलेलं रक्त, तिन्हींची सावली पांढरी. सावलीची जागा, कडा, ठेवण यांवरून अनुभवी डोळा पुष्कळ काही ताडतो. हृदयाची उजवी कडा पुसट झाली असेल तर तिला चिकटून असलेला फुप्फुसाचा मधला भाग भरला आहे, कारण एकाच घनतेच्या दोन गोष्टी शेजारी आल्या की त्यांच्यामधली रेघ नाहीशी होते. १९५० मध्ये रेडिओलॉजिस्ट फेल्सन यांनी मांडलेली ही युक्ती आजही प्रत्येक विद्यार्थी शिकतो. पण तिच्यावरून कळतं ते 'कुठे'. 'काय' हे कळायला ताप किती दिवस आहे, पाय सुजलेत का, रात्री उठून बसावं लागतं का, हे विचारावंच लागतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कोकणातलं आहे. तरुण, धडधाकट शेतकरी पहाटे धाप लागून दवाखान्यात येतो. तोंडाला फेस, त्यात गुलाबी झाक. फोटोत दोन्ही फुप्फुसांत मधून बाहेर पसरलेल्या कापसासारख्या सावल्या. फक्त फिल्म हातात असलेला माणूस याला न्यूमोनिया म्हणेल, हृदयविकार म्हणेल, विषबाधाही म्हणेल. खाटेजवळच्या बाईला विचारलं तर ती सांगते, काल संध्याकाळी भाताच्या पेंढ्या उचलताना विंचू चावला होता. लाल विंचवाच्या विषानं शरीरात अॅड्रेनालिनसारख्या रसायनांचं वादळ उठतं, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे ग्रामीण दवाखान्यात रोग्यांच्या उशाशी बसून नोंदवलं, १९८० च्या दशकात प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषबाधेवर वापरून पाहिलं, आणि त्यांचे निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यांच्या कामातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की धोक्याची खूण फोटोच्या कितीतरी आधी मिळते: दरदरून घाम, उलटी, बर्फासारखे गार पडलेले हातपाय. फुप्फुसं पांढरी दिसेपर्यंत थांबणं म्हणजे औषध द्यायची चांगली वेळ हातची घालवणं.

आता दुसरी अडचण. ज्याला एक्स-रेची सर्वांत जास्त गरज, त्याचाच एक्स-रे सर्वांत वाईट निघतो. चालत आलेला खोकल्याचा रोगी प्लेटला छाती टेकवून उभा राहतो, खांदे पुढे घेतो, 'श्वास घ्या, धरून ठेवा' म्हटलं की धरतो. किरण पाठीतून शिरतात, हृदय फिल्मच्या जवळ असतं, सावली नेमकी पडते. श्वास लागलेला माणूस यातलं काहीही करू शकत नाही. मग पोर्टेबल यंत्र ढकलत त्याच्या खाटेपाशी आणतात, पाठीखाली प्लेट सरकवतात आणि समोरून किरण सोडतात. हृदय प्लेटपासून दूर असल्यानं ते मोठं दिसतं. हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्यापेक्षा जास्त म्हणजे हृदय वाढलेलं, हा नियम इथे लावला तर निम्मा वॉर्ड हृदयरोगी ठरेल. श्वास अर्धवट घेतलेला असतो, त्यामुळे खालच्या भागात रक्तवाहिन्या दाटतात आणि न्यूमोनियाचा भास होतो. उभ्या माणसाच्या छातीत साधारण २०० मिली पाणी साठलं की बरगड्या आणि छाती-पोटामधला पडदा यांच्यामधला टोकदार कोन बोथटतो. आडव्या माणसात तेच पाणी पाठीमागे पसरतं आणि वर एक फिकट धुकं तेवढं राहतं. हवेचं आणखी वाईट. अपघातानंतर छातीत शिरलेली हवा शोधण्यावर २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा आला. त्यात झोपवून काढलेल्या एक्स-रेला शंभरातल्या ४७ केसेस सापडल्या, सोनोग्राफीला ९१.

यात पुन्हा मंगळसूत्र, काळा दोरा, ताईत, ब्लाउजची पिन, ईसीजीच्या वायरी. बाईची वेणी खांद्यावरून पुढे आलेली राहिली, तर फुप्फुसाच्या वरच्या भागात क्षयाच्या डागासारखी सावली पडते. पाठीखालच्या कातडीची घडी न्यूमोथोरॅक्सच्या रेघेसारखी दिसते, आणि त्या रेघेवर विश्वासून कुणी छातीत नळी घातली, तर निरोगी फुप्फुसाला इजा व्हायची. टेक्निशियन अनुभवी असेल तर यातलं बरंचसं टळतं. आपल्या रुग्णालयांत या माणसाची किंमत फार कमी केली जाते, हे जाता जाता नोंदवतो.

फोटोतली सगळ्यात फसवी गोष्ट मात्र त्यात काहीच नसणं ही आहे. 'छाती क्लिअर आहे' हे शब्द ऐकले की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरही. महाधमनीचा आतला पदर फाटतो तेव्हा माणूस पाठीत कुणीतरी कापतंय असं सांगतो. फोटोत मधला भाग रुंद दिसायला हवा असं पुस्तक म्हणतं. पण २००० साली अशा रोग्यांची जी आंतरराष्ट्रीय नोंदवही प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे आठातल्या एकाचा एक्स-रे पूर्ण नॉर्मल होता. पायातली गुठळी फुप्फुसात अडकते तेव्हा फिल्मवर बहुधा ठळक असं काही नसतंच. माणूस निळा पडत चाललाय आणि फोटो स्वच्छ आहे, ही विसंगती हीच तिथे निदानाची खूण असते. ती कुणाला दिसेल? ज्यानं रोगी पाहिला आहे त्याला.

घराघरात घडणारं उदाहरण हवं असेल तर शेंगदाण्याचं घ्या. दीड-दोन वर्षांचं पोर दाणे खाता खाता हसतं किंवा रडतं, ठसका लागतो, काळंनिळं होतं, मग खोकून शांत होतं. दाणा श्वासनलिकेच्या फांदीत जाऊन बसलेला असतो. एक्स-रेला शेंगदाणा दिसत नाही. काही वेळा एका बाजूचं फुप्फुस जास्त फुगलेलं दिसतं, कारण हवा आत जाते पण नीट बाहेर येत नाही; अनेक वेळा काहीच दिसत नाही. आईनं 'दाणे खाताना ठसका लागला' एवढं सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं ते मनावर घेतलं, तर स्वच्छ फोटो असूनही दुर्बीण घालायचा निर्णय होतो. न ऐकणाऱ्याकडे तेच पोर पुढे महिनाभर 'वारंवार होणारा कफ' म्हणून सिरप पीत राहतं. याच्या उलट बटन सेलचं. पोरानं रुपया गिळला म्हणून आणतात, फोटोत गोल चकती दिसते, सगळे म्हणतात पडेल शौचातून. त्या चकतीच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ आहे का, हे नीट पाहिलं तर ते नाणं नसून खेळण्यातला सेल आहे हे कळतं. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत खोल भाजू शकतो. इथे निदान फोटोच करतो. पण 'नाणं की सेल' हा प्रश्न मनात असेल तरच दुसरं वर्तुळ दिसतं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. प्रश्न घेऊन पाहणारा माणूस प्रश्नाबाहेरचं पाहत नाही. २०१३ मध्ये बोस्टनमधल्या संशोधकांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाचे सीटी स्कॅन दिले आणि त्यातल्या बारीक गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घुसडून ठेवलं होतं. २० जणांना ते दिसलं नाही. त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या; त्यातल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. आणि हे नवं नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत गार्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाच्या तपासणीतल्या फिल्म्स पुन्हा पुन्हा वाचून घेतल्या, तेव्हा तज्ज्ञांचं एकमेकांशी सुमारे एक तृतीयांश वेळा पटलं नाही, आणि स्वतःच्याच आधीच्या मताशी सुमारे एक पंचमांश वेळा. एक दोष सापडला की शोध थांबतो, ही तर रोजची गोष्ट. मोडलेली बरगडी दिसली की तिच्यामागची हवा दिसत नाही. तेव्हा रोग्याची हकीकत कळू न देता फिल्म वाचावी, म्हणजे पूर्वग्रह राहणार नाही, असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं वेडगळ नाही.

तरीही मला ते पटत नाही. २००४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यात हकीकत माहीत असताना आणि नसताना केलेल्या वाचनांची तुलना आहे. हकीकत कळल्यावर अचूकता एकंदरीत वाढते, आणि ती मुख्यतः खरे दोष जास्त सापडल्यामुळे वाढते. शिवाय गोरिलाच्या प्रयोगात वाचणाऱ्यांना प्रश्न रोग्यानं दिलेला नव्हता, संशोधकांनी दिला होता, आणि तो एकच होता. उपाय मला सोपा दिसतो, फक्त तो कंटाळवाणा आहे: फिल्म दोनदा वाचायची. पहिल्यांदा मुकाट्यानं ठरलेल्या क्रमानं. नाव, तारीख, डावं-उजवं, माणूस सरळ आहे का, श्वास पुरेसा घेतलाय का. मग नळ्या आणि वायरी, मग हाडं, आणि हमखास निसटणाऱ्या जागा: कॉलरबोनच्या वरची टोकं, हृदयामागचा भाग, पडद्याखालची पोकळी. पोटात आतडं फुटलेल्या रोग्याच्या उभ्या फोटोत पडद्याखाली हवेची जी बारीक चंद्रकोर दिसते, ती छातीच्याच एक्स-रेत दिसते, आणि फुप्फुसाकडे पाहणारा तिच्यावरून सरळ पुढे जातो. दुसऱ्यांदा आपला प्रश्न घेऊन. मन बनवून ठेवून पाहणं आणि काय शोधतोय ते माहीत असणं, या दोन अवस्थांमध्ये अंतर आहे, आणि प्रशिक्षणानं ते राखता येतं.

आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? रात्री दोनला निवासी डॉक्टर एका हातानं फॉर्म भरतो: 'छातीत दुखतं, चेस्ट पीए, डू द नीडफुल.' रेडिओलॉजिस्ट सकाळी येणार. तोवर वाचणारा तोच, चोवीस तास जागा असलेला. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरायची, मोबाइलनं फोटो काढायचा, सिनियरला व्हॉट्सअॅप करायचं. सिनियर घरी अंधारात, चार इंची पडद्यावर, चष्मा शोधत पाहणार आणि 'लुक्स ओके' टाइप करणार. बारीक न्यूमोथोरॅक्सची रेघ या प्रवासात टिकायची शक्यता नगण्य. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो: 'क्लिनिकली कोरिलेट करा.' डॉक्टर मंडळी या वाक्याची थट्टा करतात. पण ज्या फॉर्मवर हकीकतच लिहिलेली नाही, त्याला दुसरं काय उत्तर येणार? त्याऐवजी 'वय ५५, अचानक पाठीत फाडल्यासारखी कळ, दोन हातांत बीपी वेगळं, मेडियास्टायनम (छातीचा मधला भाग) रुंद आहे का?' एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. हे लिहिणाऱ्यानं ते लिहिण्याआधी दोन्ही हातांत बीपी मोजलेलं असतं. चांगल्या फॉर्मचा खरा फायदा तिथेच होऊन जातो. फिल्म येईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं, आणि कदाचित फिल्मची वाट न पाहता सीटीचीच व्यवस्था झालेली असते. चुकलेल्या वाचनाचं खापर मात्र रात्रीच्या त्या पोरावर किंवा पोरीवर फुटतं. मला ते अन्यायाचं वाटतं.

चित्रावरचा हा भरवसा डॉक्टरांपुरता नाही, हे २०२१ च्या कोविड लाटेत सगळ्यांनी पाहिलं. गावोगावी लोक एकमेकांना एचआरसीटीचा स्कोअर सांगत होते, पंचवीसपैकी बारा, पंचवीसपैकी अठरा, जणू परीक्षेचे मार्क. ऑक्सिजनचं बोटावरचं यंत्र जास्त महत्त्वाचं सांगत होतं, पण त्याला चित्र नव्हतं. एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे असं सांगितलं. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं हा आकडा कालबाह्य म्हणून फेटाळला. आकड्याचा वाद एका बाजूला ठेवला तरी सौम्य आजारात स्कोअरमागे धावू नका हा गुलेरियांचा मुद्दा बरोबरच होता.

आता सॉफ्टवेअर आलं आहे. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचं 'क्यूएक्सआर' छातीचा एक्स-रे काही क्षणांत वाचतं. क्षयाच्या तपासणीत पंधरा वर्षांवरच्या लोकांसाठी अशी सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली. इथे माझा वर मांडलेला नियम उलटतो, हे मान्य करायला हवं. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रोग्यांपैकी ४२.६ टक्के लोक एक्स-रे नसता तर सुटले असते. ते खोकत नव्हते, त्यांची तक्रार नव्हती. तिथे विचारण्यासारखं काही नव्हतं आणि फोटोनंच आधी सांगितलं. हजारो निरोगी माणसांत एक खूण शोधायचं काम न थकणाऱ्या यंत्राला द्यावं, यात मला शंका नाही.

कॅज्युअल्टीचं काम त्या जातीचं नाही. तिथे प्रत्येक माणूस वेगळा प्रश्न घेऊन येतो आणि फिल्म बहुधा वाकडी, आडवी, अर्ध्या श्वासातली असते. सॉफ्टवेअर ज्या खुणा शिकलं त्याच सांगेल. दमलेल्या डॉक्टरच्या शेजारी बसणारा दुसरा डोळा म्हणून ते जरूर असावं. निसटलेली बरगडी किंवा चुकीच्या ठिकाणी गेलेली नळी त्यानं दाखवली तर उपकारच. मला भीती आहे ती पडद्यावर हिरव्या अक्षरांत येणाऱ्या 'नॉर्मल' या शब्दाची. विंचू चावलेल्या माणसाचे गार हात, दाणे खाताना लागलेला ठसका, पाठीतली कळ, यातलं काहीही त्या यंत्राला माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असायला हवं तो तो शब्द वाचून पुढच्या खाटेकडे वळतो. म्हणून रुग्णालयांनी एक साधी अट घालावी: मागणीच्या फॉर्मवर प्रश्न लिहिल्याशिवाय आणि डॉक्टरनं स्वतःचं वाचन नोंदवल्याशिवाय सॉफ्टवेअरचं उत्तर उघडू नये.

आणि वाचकहो, थोडं आपल्या हातातही आहे. कॅज्युअल्टीत फिल्म वाचणाऱ्याला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त मदत होते ती रोग्याच्या जुन्या एक्स-रेची. वीस वर्षांपूर्वीच्या क्षयाचा व्रण आजचा न्यूमोनिया नाही, हे शेजारी जुनी फिल्म ठेवली की एका नजरेत कळतं. कपाटावर धूळ खात पडलेली ती मोठी पाकिटं रद्दीत देऊ नका. घरातल्या प्रत्येक वयस्क माणसाच्या छातीची शेवटची फिल्म, तिचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी एका पिशवीत ठेवा, आणि अॅम्ब्युलन्स आली की ती पिशवी आधी उचला. मोबाइलमध्ये ठेवणार असाल तर फिल्म आणि रिपोर्ट दोन्हींचे फोटो घ्या, आणि नाव व तारीख त्यात येऊ द्या.